रवेकामाची फुंकणी

मी फुंकणी बोलतेय. चुलीपुढची नव्हे हं, सोनाराची. वीतभर पितळी नळी, टोकाशी वाकलेली. माझ्यातून फुंकर घातली, की दिव्याची ज्योत आडवी होऊन नेमकी दागिन्यावर जाते.

मला एका म्हाताऱ्या सोनाराने, आमच्या आजोबांनी, स्वतःच्या हातांनी घडवलं. त्यांचं काम रव्यांचं. मोहरीहून बारीक सोन्याचे रवे पत्र्यावर मांडायचे आणि डाक, म्हणजे सांधायचा वितळणारा धातू, न लावता नुसत्या आचेवर चिकटवायचे. मुलांनी यंत्रं घेतली. हे काम येणारे एकटे आजोबा उरले, आणि त्यांनाही दमा.

अशात दूरच्या देशातून एक बाई शिकायला आली. सोनाराचीच लेक, हात तयार. तीच तर पंचाईत होती. तिच्या घरी दागिना डाक लावून जोडतात. डाक वितळून सांध्यात पळाली की आच काढतात. इथेही ती डाक पळायची वाट बघत बसायची, तोवर सगळ्या रव्यांचा गोळा!

"अगं, इथे डाक आहेच कुठे पळायला?" आजोबा म्हणायचे. "सोनं ओल्यासारखं चकाकलं, की बस."

"कळतं हो आजोबा. तोंड ऐकत नाही."

गोळ्यांवर गोळे झाले. मीसुद्धा वैतागले. आजोबांच्या लेकीने तर बजावलंच, "बाबा, डॉक्टरांनी फुंकायला मनाई केलीय. तिला जमत नसेल तर सोडून द्या."

"मी गेल्यावर कोणाला विचारेल ती?" आजोबा म्हणाले.

मग ठरलं, फुंकर तिची आणि नजर आजोबांची. ते 'बस' म्हणतील तेव्हा तिने थांबायचं. ती फुंकू लागली. सोनं लाल झालं. आजोबा गप्प. रवे चकाकले, तरी गप्प. माझा जीव टांगणीला लागला, तेवढ्यात तिनेच मला ओठांवरून काढलं. रवा न् रवा जागच्या जागी बसला होता.

"आजोबा, तुम्ही बस म्हणालाच नाहीत."

आजोबा छातीवर हात ठेवून हसत होते. जरा वेळाने म्हणाले, "म्हणणार होतो. दम पुरला नाही गं."

ती घरी परत निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या पिशवीत घातलं. आता मी तिच्या दुकानात, तिच्या वडिलांच्या फुंकणीशेजारी असते. जावाजावांचं पटतं तितपत आमचं पटतं. बाई दोन्ही कामं शिकवते.

आजोबा आता नाहीत. फार आठवण येते त्यांची. परवा कुणी म्हणालं, "एवढी जुनी वस्तू, काचेच्या कपाटात ठेवा." नको रे बाबा. माझ्यावर ना नक्षी, ना काही. कपाटात मला बघून कुणाला रवे जोडता येणार आहेत? त्यापेक्षा या, बसा, गाल फुगवा. थोडी लाळ लागली तर मला राग नाही.