दादाची जागा

ठमीला कॉलेजातला डेटा स्ट्रक्चरचा विषय पहिल्या दिवसापासून डोक्यावरून जायचा. प्रॅक्टिकलला ती एकदा आपटली होती. पुन्हा आपटली की वर्ष गेलंच. शेवटी दादा शेजारी येऊन बसला.

"लिंक्ड लिस्ट म्हणजे रांग समज. प्रत्येकाला आपल्या पुढे कोण, एवढंच ठाऊक." त्यानं तिच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये स्वतःच नावं टाइप केली: आई, बाबा, दादा, ठमी. "मधल्याला काढायचं, तर आधी त्याच्या मागच्याचा हात पुढच्याच्या हातात दे. मगच त्याची जागा मोकळी कर. उलटं केलंस, तर पुढचे सगळे हरवले, ठमे!"

"कुणाला काढू?"

"बाबांना काढ. सारखे ओरडतात."

दोघं खिदळत बसली होती.

दोन महिन्यांनी दादाच गेला. साधा ताप म्हणता म्हणता पाच दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. बाबांनी बोलणंच टाकलं. शिलाई मशिन दुरुस्त करणारा हा माणूस समोर मशिन उघडं ठेवून नुसता बसून राहायचा.

परीक्षेला ठमीनं तोच प्रोग्रॅम नेला. नावं बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं, हे तिलाही कळत होतं. पण ती दादानं टाइप केलेली होती. पुसायला जीवच होईना.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "तिसरं नाव काढून दाखव."

तिसरं नाव दादाचं होतं. तरी तिनं बाबांचा हात ठमीच्या हातात दिला. पडद्यावर आलं: आई, बाबा, ठमी.

"छान. आणि जागा मोकळी करायची ओळ?"

ठमी पडद्यावरची तीन नावं पुन्हा वाचत राहिली.

"अगं, तो रांगेतून निघाला, पण कॉम्प्युटरच्या मेमरीत त्याची जागा अडलेलीच आहे. कुणाला तिथे पोचता येत नाही, ती दुसऱ्याला देताही येत नाही. प्रोग्रॅम चालू आहे तोवर तसंच राहणार. एवढी एक ओळ लिही, पास करतो."

माणूस भला होता. ओळही तिला तोंडपाठ होती. बोटं मात्र हलेनात.

"राहू दे, सर."

त्यांना वाटलं, पोरीला येत नाही. त्यांनी नाइलाजानं नापास लिहिलं.

घरी येऊन तिनं बाबांना सांगून टाकलं, एका ओळीसाठी नापास झाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"कुठली ओळ?" त्यांनी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. बाबांनी उघड्या मशिनवरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे तो अजून आहे तिथे?"

"प्रोग्रॅम चालू आहे तोवर."

"आत्ता चालू असेल?"

लॅबमधले सगळे कॉम्प्युटर शिपाईकाका पाचला बंद करून जातात. घड्याळात सात वाजून गेले होते.

"असेल, बाबा."

बाबांनी मान हलवली, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि मशिन जोडायला घेतलं.