भिंतीतून निघालेली तार

“बाबा, तिकडं बघू नका. आत स्वयंपाकघरात बसा बघू,” वेल्डा म्हणाली. पण कामगार कापत होते ती स्वयंपाकघराचीच भिंत, मग अल्फियस प्रूइट बसणार कुठे? तो पेकनच्या झाडाखाली उभा राहिला आणि करवतीचा भुसा गवतावर सांडताना बघत राहिला.

त्या भिंतीवर ओसरीच्या बाजूने नऊ वर्षांच्या अल्फियसने आईच्या केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवून दोन खिळ्यांत ताणली होती आणि तिच्याखाली बाटल्या सरकवून तिचं वाद्य केलं होतं. पुढे गिटार आली, चर्चच्या जेवणावळी झाल्या, विमानात बसून परदेशीही वाजवून झालं. तरी घरी आला की हात त्या तारेकडेच जायचा. गावात कुणी गेलं की तारेभोवतीच्या फळ्यांवर तो त्या माणसाचा चेहरा काढी, लाल मातीत उरलासुरला रंग कालवून. शेवटचा चेहरा कोरालीचा, त्याच्या बायकोचा.

भिंतीला आतून कोरालीचे कप टांगलेले असत. बाहेर तार घुमली की आत कप किणकिणत आणि ती ओरडे, “अरे, हळू! फोडशील एक दिवस सगळे!” एकदा रेकॉर्ड करायला आलेला माणूस म्हणाला, तेवढे कप उतरवा. अल्फियसने त्यालाच फाटकाबाहेर काढलं. कोराली जाऊन सहा वर्षं झाली होती, पण रोज सकाळी तो वाजवी आणि कप उत्तर देत. त्याच्या जगण्यात तेवढंच उरलं होतं.

वाळवीने घर पोखरलं, तेव्हा शहरातल्या म्युझियमच्या बाई ती भिंत मागायला आल्या. “घर पडलं तर आईचा चेहराही ढिगाऱ्यात जाईल, बाबा,” वेल्डा म्हणाली. “तिथं जपतील तरी.” ते त्याला पटलं. तार फळ्यांबरोबरच जाणार होती, मग हरवणार काय? साठ वर्षं वाजवणाऱ्यालाही ते सुचलं नाही.

उद्घाटनाला फळ्या म्युझियमच्या दगडी भिंतीला घट्ट बसवलेल्या होत्या. अल्फियसने तारेवर घासायची छोटी बाटली बोटात चढवून तार छेडली. खट्, एवढाच आवाज आला. त्याने तार ताणली, बाटल्या सरकवल्या, पुन्हा छेडली. मागे पोकळ घर नव्हतं. आवाज घुमणार कशात? तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“बाई, ही मुकी झालीय हो,” तो म्हणाला.

“छे, प्रूइट काका! अंगावर काटा आला आमच्या.”

त्याला रडू फुटलं. तेही लोकांना आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने तो बाटली चढवून ओसरीत आला. भिंतीच्या भगदाडावर निळी ताडपत्री ठोकली होती. उचललेला हात तिच्यावर टेकला, ताडपत्री आत गेली.

आत वेल्डा मक्याची पेज ढवळत होती. ताडपत्रीवर उमटलेला पंजा तिला दिसला. टेबलावर मांडून ठेवलेल्या आईच्या कपांतले दोन तिने उचलले आणि हलकेच एकमेकांवर वाजवले.

ताडपत्रीवरचा पंजा निघाला.

“नको गं, पोरी,” अल्फियस म्हणाला. “ठेव ते खाली.”

त्याने बोटातली बाटली काढली आणि ओसरीच्या कठड्यावर उपडी ठेवली.