गॅस बंद केलास?

जयवंतने वडिलांच्या पिंडाची पत्रावळ कट्ट्यावर ठेवली आणि चार पावलं मागे सरकला. कावळा भिंतीवरच होता. त्याने मान वाकडी करून भाताकडे पाहिलं आणि पाहतच राहिला.

"बोल काय तरी," धोंडूकाका पुटपुटले. "दादाच्या मनात काय तरी ऱ्हवला असतला."

जयवंतने हात जोडले. "बाबा, नीलाचं लग्न मी करीन. नीट बघून करीन."

कावळा हलला नाही. मग गावचं घर पडू देणार नाही, असं धोंडूकाकांनी भावाला सांगितलं. शेजाऱ्यांनीही आपापल्या परीने गुणाजींची समजूत काढली. ऊन चढलं. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. माणूस गेला की त्याची इच्छा पुरवायची सगळ्यांना घाई होते. जिवंतपणी चहाला विचारायला कोणाला सवड नसते.

मालन मागे नळापाशी उभी होती. बायका दहाव्याला येत नाहीत म्हणून धोंडूकाकांनी सकाळीच कुरकुर केली होती, पण घराला कुलूप लावून, लेकीला, नीलाला घेऊन ती आलीच. आपल्या नवऱ्याचं काय राहिलंय ते तिला ठाऊक होतं.

गुणाजी अठ्ठावीस वर्षं फायर ब्रिगेडच्या बंबावर होते. जळालेल्या घरांबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत. ड्युटीवरून आले की आधी पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवायचे, मग स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्ह बघायचे. पुढे गॅसचा नंबर लागला तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, यांनी मात्र आधी नळी तपासली. निवृत्त होऊन चारकोपला राहायला आल्यावर तर विचारणं वाढलंच. बाहेर पडताना, झोपताना, जेवता जेवता एकच: "गॅस बंद केलास?" पोरं नक्कल करायची, मालनही हसायची.

पण त्या दुपारी तिचं डोकं दुखत होतं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नुसतं हो म्हणायला काय जात होतं तिचं? ते खुर्चीतून उठले, स्वतः बघायला गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच कोसळले. गॅस बंदच होता.

मालन पुढे आली आणि पदर सावरून पत्रावळीपाशी वाकली.

"अहो, बंद केलाय," ती म्हणाली. "रेग्युलेटरसुद्धा फिरवलाय. माझं चुकलं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

कावळा खाली उतरला, दोन उड्या मारत आला आणि भाताचा घास घेऊन गेला.

"आयकल्यान दादान," धोंडूकाका म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले.

परतताना रिक्षात मालन, नीला आणि जयवंत होते. रिक्षा मुख्य रस्त्याला लागली. मग मालनने एकदम जयवंतचा गुडघा धरला.

"जयवंता, निघताना गॅस बंद केला ना रे मी?"

"आई, तू आत्ताच तर..." नीला बोलायला गेली. जयवंतने तिचा हात दाबला.

"हो आई," तो लगेच म्हणाला. "मी स्वतः बघितला."

मालनने डोळे मिटून मान मागे टेकली. गेल्या दहा दिवसांत जयवंतने स्वयंपाकघराच्या त्या उंबऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं.

तो पुढे वाकला आणि रिक्षावाल्याला हळूच म्हणाला, "भाई, जरा जल्दी लो ना."