जप्त झालेल्या खेचराचं म्हणणं

मी फेस नावाच्या शहराच्या जुन्या भागातलं एक खेचर बोलतोय. आई घोडी, बाप गाढव, त्यामुळे दोन्हीकडच्या सोयऱ्यांत माझी गणती नाही; आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. रंग तपकिरी, उजवा कान टोकाशी फाटलेला, वय चौदा. हे वर्णन माझं नाही, कोर्टाच्या पंचनाम्यातलं आहे. नाव विचाराल तर तेवढं मात्र कोणी ठेवलं नाही. ‘अर्रा’ म्हटलं की मी चालतो.

डोंगरातल्या एका गावात जन्मलो. तीन वर्षांचा झालो तेव्हा मला बाजारात उभं केलं आणि कातड्याचा व्यापारी हाज थामी याने माझे दात तपासून मला विकत घेतलं. माणसं आमचे दात बघतात, एकमेकांचे बघत नाहीत. बघत असती तर बरेच व्यवहार झालेच नसते.

आमच्या गल्ल्यांत गाड्या शिरत नाहीत, आम्हीच शिरतो. कत्तलखान्यातून कच्ची कातडी ती कमावायच्या हौदांकडे न्यायची, कमावलेली कातडी हौदांकडून हाजच्या वखारीत आणायची, हे माझं काम. वास सोडला तर काम चांगलं होतं. हाज मालक म्हणून वाईट नव्हता. वैरणीत त्याने कधी कंजुषी केली नाही, आणि रोज सकाळी खोगीर चढवण्याआधी स्वतःच्या तळहातावर मूठभर जव घेऊन माझ्यापुढे धरायचा. त्या हातावर चामड्याचा आणि पुदिन्याचा असा मिसळून वास यायचा. अकरा वर्षं तो वास मी रोज घेतला.

हौदांवर बुअज्जा नावाचा कारागीर होता; सगळे त्याला मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, म्हणायचे. चुन्यात आणि कातडं मऊ करणाऱ्या कबुतराच्या विष्ठेत आयुष्यभर उभं राहून त्याच्या पायांची पार दशा झाली होती, आणि हात कोपरापर्यंत पिवळे ते पिवळेच. वीस वर्षं तो हाजचा माल कमावत होता. दोघांत कागद कधी झाला नाही. हातावर हात मारला की सौदा पक्का. कमावलेल्या प्रत्येक कातड्याच्या मानेपाशी बुअज्जा सुरीने तीन बारीक चिरा द्यायचा; ती त्याची सही.

मग एकदा त्याने पदरचे पैसे घालून घेतलेल्या शेळीच्या दोनशे कातड्यांचा माल हाजला उधारीवर दिला. मी चार खेपांत तो वाहिला. दोन महिन्यांनी बुअज्जा वखारीच्या दारात आला तेव्हा मी तिथेच बांधलेला होतो.

“हाज, हिशेबाचं तेवढं बघा. गडी रोज दारात येऊन बसतात.”

“कसला हिशेब? सगळ्या मालाला कीड लागली होती. नदीत टाकून दिला.”

“नदीत? मला न दाखवता?”

“दाखवायला ती काय लग्नाची मुलगी होती?”

बुअज्जाने माझ्याकडे बघितलं. मी नदीवर काही नेलं नव्हतं, पण मला कोणी विचारलं नाही.

गोष्ट कोर्टात गेली आणि तिथे दोन वर्षं बसली. या काळात बुअज्जाने गड्यांची मजुरी भागवायला आपले दोन हौद गहाण टाकले. ते त्याच्या बापाचे, बापाच्या बापाचे. रमजानच्या आत सोडवले नाहीत तर ते दुसऱ्याचे व्हायचे होते. हौद गेले की सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याने दुसऱ्याच्या हौदात मजुरीने उतरायचं, एवढाच मार्ग उरत होता.

शेवटी निकाल त्याच्या बाजूने लागला. त्याने हुकूमनामा कपाळाला लावला म्हणतात. मग तो कागद घेऊन कोर्टाचा बेलिफ सी जिलाली याच्याकडे गेला. हा सी जिलाली म्हणजे अतिशय सावकाश माणूस. चष्मा पुसल्याशिवाय बोलत नाही.

“मुबारक असो,” तो म्हणाला, “पण कागद मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही, मुअल्लिम. आधी नोटीस. हाजला दहा दिवसांची मुदत. नाही भरले, तर मग जप्ती.”

“दहा दिवस? दहा दिवसांत तो वखार धुऊन पुसून ठेवील!”

“कायदा आहे,” सी जिलाली म्हणाला आणि त्याने पुन्हा चष्मा पुसला.

बुअज्जाचं म्हणणं खरं ठरलं. नोटीस आली त्याच दुपारी हाजने माझ्यावर माल चढवला. पहिल्या दिवशी तो स्वतः माझ्यासोबत आला. कारंज्यापाशी उजवीकडे, अत्तरवाल्याच्या भिंतीला घासून, नऊ पायऱ्या खाली, एक हिरवं दार. दार हाजच्या मेव्हण्याचं, अल्लालचं. हाजने माझा पुढचा पाय धरून दारावर तीनदा आपटला. अल्लालने दार उघडलं, माल उतरवून घेतला आणि मला मूठभर जव दिले.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवसापासून हाज यायचा बंद झाला. हाज थामी दिवसातून सहा वेळा त्याच गल्लीत दिसला असता तर लोकांनी काय ते ओळखलं असतं. एकट्या खेचराकडे आमच्या शहरात कोण बघतो? तो माझ्या पाठीवर थाप मारायचा, “अर्रा!”, आणि मी जायचो. तीन टापा, दार, जव, परत. हाज खूश होता. शेजाऱ्याला म्हणाला, “माझं खेचर माझ्या मुलांपेक्षा शहाणं आहे.” असं माझ्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं, म्हणून लक्षात आहे.

अकराव्या दिवशी सी जिलाली, दोन पंच आणि बुअज्जा वखारीत आले. आत झाडून ठेवलेली फरशी, एक फुटकी खुर्ची आणि चहाची किटली. हाजने त्यांना बसायला सांगितलं. बसणार कुठे ते सांगितलं नाही.

“मी तर धंदाच बंद केला,” हाज म्हणाला. “तसं कोर्टाला लिहूनही दिलंय. घर बायकोच्या नावावर. आता काय नेताय, ही किटली?”

सी जिलाली बराच वेळ लिहीत राहिला. मग अंगणात येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

“हे खेचर कोणाचं?”

“माझं. पण ते नेता येणार नाही. धंद्याची साधनं जप्त करता येत नाहीत, मलाही कायदा कळतो!”

“कोणता धंदा, हाज? आत्ताच म्हणालात की बंद केला. लिहूनही दिलंय.”

पंचांपैकी एकाला खोकल्याची उबळ आली. माझं पंचनाम्यातलं वर्णन लिहिलं गेलं ते असं.

“आता हे लिलावापर्यंत सरायीत राहील,” सी जिलालीने बुअज्जाला सांगितलं. “तोवरच्या चाऱ्याची रक्कम आगाऊ तुम्ही भरायची.”

“मी? म्हणजे मीच जिंकायचं आणि मीच त्याचं खेचर पोसायचं?”

“नंतर वसुलीत धरू.”

“आणि हे म्हातारं खेचर विकून माझा एक तरी हौद सुटेल का?”

सी जिलालीने चष्मा काढून पुसला. उत्तर मलाही ठाऊक होतं. माझ्या किमतीत हौदाचा काठसुद्धा सुटला नसता.

बुअज्जाने माझा दोर हातात घेतला. दोर सैल होता. तो पुटपुटला, “अर्रा.”

मी चाललो; सी जिलाली आणि पंचही मागून निघाले. सराय कारंज्यापासून डावीकडे. मी उजवीकडे वळलो. बुअज्जाने दोर ओढला, पण अत्तरवाल्याच्या भिंतीपाशी वाट इतकी अरुंद की तिथे मला कोणी ओढू शकत नाही, तिथे माझ्या मागूनच यावं लागतं. नऊ पायऱ्या. हिरवं दार. तीन टापा.

आतून अल्लालचा आवाज आला. “आलं का माझं लाडकं? हाजला म्हणावं, आता इथे पाय ठेवायला जागा नाही. काय आहे ते सगळं आणलंस की अजून आहे?” आणि दार उघडून, मूठ पुढे करून, तो सी जिलालीसमोर उभा राहिला.

दारातूनच छतापर्यंतच्या चवडी दिसत होत्या. बुअज्जाने हात लांब करून जवळच्या चवडीतलं वरचं कातडं ओढलं, मानेपाशीच्या तीन चिरांवर अंगठा फिरवला आणि तिथेच पायरीवर बसला.

“नदी कोरडी दिसते,” सी जिलाली म्हणाला, आणि त्याने चष्मा न पुसताच लिहायला घेतलं. या गडबडीत अल्लालच्या मुठीतले जव खाली सांडले. ते मी खाल्ले.

कातड्यांचा लिलाव झाला, रमजानच्या चार दिवस आधी बुअज्जाचे हौद सुटले. मला विकायची गरज उरली नाही म्हणून मला हाजकडे परत पाठवलं. मला वाटलं होतं, मार बसेल. हाजने मारलं नाही. तो माझ्याकडे बघेना. खोगीर चढवायचं काम त्याने दुसऱ्यावर टाकलं, सकाळची मूठ बंद झाली, आणि महिन्याभरात त्याने मला वाळू वाहणाऱ्याला विकलं. मार मला चालला असता.

आता मी वाळू आणि विटा वाहतो. गुडघे दुखतात. गल्लीतले लोक माझ्याकडे बोट दाखवून हसतात, “दोन वर्षांत एकच खरा साक्षीदार, आणि तोही चार पायांचा!” बुअज्जा भेटला की पिवळ्या हाताने माझा फाटका कान चोळतो. त्याचं भलं झालं, याचा मला आनंद आहे. पण मला साक्षीदार म्हणू नका. मी कोणाच्या बाजूने बोललो नाही. मला जिथे जायला शिकवलं तिथे मी गेलो. शिकवणारा हाजच होता.

परवा अत्तरवाल्याच्या भिंतीपाशी समोरून हाज आला. वाट दोघांपुरती नव्हती. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. मी त्याच्यापाशी येऊन थांबलो. वाळूवाला मागून ओरडत होता. हाजचा हात आपोआप वर आला आणि माझ्या तोंडापुढे उघडला.

हात रिकामा होता. चामड्याचा वास गेला होता, पुदिन्याचा तेवढा होता. तरी मी त्यात तोंड घातलं आणि काठी बसेपर्यंत काढलं नाही.