वाचून केलेली सही

ऋताला हायस्कूलच्या परीक्षेत गणितात शंभरापैकी सत्त्याण्णव मार्क पडले. काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांतून पेढे वाटले गेले, आणि पेढा तोंडात असतानाच बायांनी विचारलं, "मग आता इंटरला गृहविज्ञान घेणार ना?" घ्या! सत्त्याण्णव मार्क मिळवायचे ते भरल्या वांग्यांसाठी.

पण बायांचं तरी काय चुकलं? साल होतं चौऱ्याण्णव, आणि मुलींच्या सरकारी शाळेत अकरावीला गणित-विज्ञान नव्हतंच. शिवण होती, स्वयंपाक होता, बालसंगोपन होतं. गणित होतं ते मुलांच्या सरकारी कॉलेजात, घरापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर. ऋता आईला घेऊन तिथे गेली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मार्कलिस्ट पाहिली, मान डोलावली, चहासुद्धा पाजला आणि म्हणाले, "बिटिया होनहार है, लेकिन हमारे यहाँ लड़कियों का बाथरूम नहीं है." त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

ऋताची आई कालिंदी मात्र ग्वाल्हेरची. "नाही" म्हटलं की तिला चेव यायचा. तिची मावसबहीण विद्युल्लता अलाहाबादच्या हायकोर्टात वकिली करत होती. तिच्याकडे जाऊन कालिंदी म्हणाली, "बाथरूम नाही म्हणून माझ्या पोरीचं गणित बंद? ठोक केस." विद्युल्लताने ठोकली. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेला, केवळ मुलगी आहे म्हणून कुणाला वर्गाबाहेर ठेवता येतं का, एवढाच प्रश्न याचिकेत होता. ऋता अल्पवयीन, म्हणून पालक या नात्याने सही लागली तिच्या वडिलांची, ढुंढिराजशास्त्र्यांची.

ढुंढिराज वेदपाठशाळेत शिकवायचा. दशग्रंथी माणूस, वागायला सरळ, आणि लेकीवर जीव. याचिकेचा कागद त्याने तीनदा वाचून घेतला. इंग्रजी होता, म्हणून ऋताने एकेक वाक्य मराठीत सांगितलं. "आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाला नीट भागाकार आला नाही," तो हसून म्हणाला, "आणि ही गणितासाठी सरकारला कोर्टात खेचते आहे." मग त्याने सही केली. लेकीचा त्याला फार अभिमान वाटत होता.

आता इथे काशीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला वेडेपणा वाटेल. वेडेपणाच होता तो, पण रीत म्हणून चालत आलेला. धर्माचा काही प्रश्न निघाला की काशीचे शास्त्री त्यावर निर्णय लिहून देतात. त्याला व्यवस्थापत्र म्हणतात. मजकुराखाली पहिली सही सगळ्यात ज्येष्ठाची, तिच्याखाली बाकीच्यांची संमती. आणि गुरूची सही झालेली असली की शिष्याने मजकूर वाचायचा नसतो. वाचणं म्हणजे गुरूची परीक्षा घेणं. कागद कपाळाला लावायचा आणि सही करायची. ढुंढिराजच्या वडिलांनी तेच केलं, आजोबांनी तेच केलं, आणि त्यानेही वीस वर्षं तेच केलं होतं.

याचिका दाखल होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळचा पाठ चालू होता. रत्नाकर मोघे कागद घेऊन आला. हा रत्नाकर त्याच मुलांच्या कॉलेजातून रिटायर झालेला हेडक्लार्क. ढुंढिराजला ते ठाऊक होतं, तरीही त्याच्या मनात काही आलं नाही.

"व्यवस्थापत्र आहे, शास्त्रीबुवा. गुरुजींची सही झाली आहे."

गुरुजी म्हणजे रामघाटावरचे यज्ञेश्वरशास्त्री. ढुंढिराज आठ वर्षांचा असल्यापासून त्यांच्या पायाशी बसलेला. कागदावर त्यांची थरथरती सही दिसली आणि याने हात जोडले. लपवाछपवी काही नव्हती हो! कागद उलगडलेला, सतरा ओळी स्वच्छ संस्कृतात, आणि याच्या नाकावर चष्मा. पण नजर ओळींवर गेलीच नाही. कागद कपाळाला लावला, "सम्मतिरत्र ढुण्ढिराजशर्मणः" असं लिहिलं, तारीख घातली आणि परत पाठाला बसला.

सोमवारी सुनावणी झाली. पाठशाळा बुडेल म्हणून ढुंढिराज गेला नाही. कालिंदी आणि ऋता गेल्या, आणि संध्याकाळी दिवेलागणीला परत आल्या. ऋता चपला काढून सरळ आत गेली. कालिंदीने हातातली झेरॉक्स नवऱ्यापुढे आपटली.

"वाचा. आता तरी वाचा!"

त्याने वाचलं. वयात आलेल्या कन्येने परपुरुषांच्या रांगेत बसून अध्ययन करणं शास्त्राला मान्य नाही, आणि जो पिता तशी मोकळीक देतो तो दोषाचा धनी होतो, असा त्याचा सरळ अर्थ होता. खाली गुरुजी, आणि गुरुजींच्या खाली तो स्वतः.

"चाललं होतं हो सगळं चांगलं," कालिंदीचा आवाज फाटला होता. "सरकारी वकील म्हणाला, स्त्रियांसाठी वेगळी सोय करायला घटनेतच मुभा आहे. विद्युल्लता म्हणाली, वेगळी सोय असती तर आम्ही इथे आलोच नसतो, इथे सोयच नाही. जजसाहेब हसले. वकिलाला म्हणाले, एक बाथरूम बांधायला सरकारला किती वर्षं लागतात? माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्याने हा कागद काढला. म्हणे, काशीच्या पंडितांचं मत बघा, आणि दोन नंबरची सही बघा, मुलीच्या बापाचीच आहे! सगळं कोर्ट वळून माझ्याकडे बघायला लागलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगू कुणाला?"

"गुरुजींची सही होती," ढुंढिराज पुटपुटला.

"दहा ग्रंथ तोंडपाठ आहेत ना तुमचे? मग सतरा ओळी वाचताना काय डोळे फुटले होते?"

खरंच होतं ते.

पण दार अजून बंद झालं नव्हतं. जजसाहेबांनी सांगितलं होतं की शुक्रवारी बापाला हजर करा, मी स्वतः विचारतो. ॲडमिशनची शेवटची तारीख शनिवार. विद्युल्लताने निरोप दिला होता: एकच वाक्य बोलायचं, 'मी न वाचता सही केली.' तेवढं बोललात तर त्या कागदाची किंमत शून्य, आणि जजसाहेब त्याच दिवशी ॲडमिशनचा हुकूम देतील असा रंग आहे. ऋता आतल्या दारात येऊन उभी होती. "बाबा, बस एवढंच बोलायचं आहे," ती म्हणाली. "सोपं आहे ना?"

"सोपं आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गल्ल्यागल्ल्यांतून रामघाटावर गेला. यज्ञेश्वरशास्त्री ओसरीवर उशीला टेकून बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचं वय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ढुंढिराजने पाय धरले आणि घडलं ते सगळं सांगितलं.

"अरे रामा!" गुरुजी म्हणाले. "तुझ्या पोरीच्या विरुद्ध होतं होय ते? रत्नाकर म्हणाला, धर्माचं काम आहे. मला कुठे दिसतंय रे आता, ढुंढू? मी म्हटलं, खाली तुम्ही सगळे सह्या करणार, तुम्ही वाचालच."

वरच्याने खालच्यांच्या भरवशावर सही केली आणि खालच्याने वरच्याच्या. त्या कागदावर नऊ सह्या होत्या, आणि लिहिणारा सोडला तर तो एकाही माणसाने वाचला नव्हता. ढुंढिराजला हसू आलं, आणि पाठोपाठ मनात आलं, याआधीच्या वीस वर्षांतल्या कागदांचं काय? कुणाकुणाला वाळीत टाकलं, कुणाची लग्नं मोडली, ते तरी कुणी वाचलं होतं का?

"मग कोर्टात काय सांगू, गुरुजी?"

"तुला योग्य वाटेल ते सांग. बाप आहेस तू," ते म्हणाले. मग चाचपडत त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "साठ वर्षं झाली मला सह्या करून. अजून एकही व्यवस्था खोटी ठरून परत आली नाही. आता काय, थोडेच दिवस राहिलेत."

रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या गुरूला एक वेळ तोंड देता येतं. हा असा हात डोक्यावर घेऊन माणसाने जायचं कुठे?

शुक्रवारी ढुंढिराज आणि ऋता दोघंच निघाले. कालिंदी म्हणाली, "मी आले तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसाल. लेकीच्या तोंडाकडे बघा, म्हणजे चुकणार नाही." गाडीत ऋताने दोनदा ते वाक्य त्याच्याकडून हिंदीत म्हणवून घेतलं. 'मैंने बिना पढ़े दस्तख़त किया था.' दोन्ही वेळा त्याने नीट म्हटलं.

कोर्टात पुकारा झाला. जजसाहेब भले दिसत होते. मूळ कागद त्यांनी शिपायाकडून ढुंढिराजच्या हातात दिला.

"पंडितजी, यह दस्तख़त आपका है?"

"जी."

"पढ़कर किया था?"

ऋता विद्युल्लतामावशीच्या शेजारी उभी होती. त्याने तिच्याकडे बघायचं ठरवलं होतं. पण कागद हातात होता, आणि कागदावर गुरुजींची ती थरथरती सही. 'नाही' म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग तुमच्या वरच्यांनी तरी वाचलं होतं का? ते बोलावं लागलं की उद्या सगळी काशी हसणार. गल्लीतलं पोरगं पोरगं म्हणणार, शास्त्री आंधळ्या सह्या करतात. साठ वर्षांच्या मानाची त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत माती होणार. आणि 'हो' म्हटलं तर? तर काय, एक वर्ष इकडेतिकडे. गणित काय, घरीही करता येतं. हुशार आहे पोर, काढेल मार्ग. माणसाला दुसऱ्याच्या, विशेषतः पोटच्या पोरीच्या, वाटणीचा त्याग किती भराभर सुचतो!

"पंडितजी?"

"पढ़कर किया था," ढुंढिराज म्हणाला.

विद्युल्लताने फायलीवरचा हात उचलला आणि खाली घेतला. जजसाहेबांनी चष्मा काढला. "फिर यह याचिका किसकी है? जो लड़की माँग रही है, उसे आप ही अधर्म लिखते हैं, और हमसे कहते हैं कि दिलवाओ?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. पुढचं त्यांनी इंग्रजीत लिहवून घेतलं. याचिका फेटाळली. मुलींना मुलांच्या शाळेत बसू द्यायचं की नाही, त्या मूळ प्रश्नाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. लावायची गरजच उरली नव्हती. तीन मिनिटांत पुढच्या केसचा पुकारा झाला.

बाहेर व्हरांड्यात ऋताच्या पाठीवरून हात फिरवून विद्युल्लता निघून गेली.

परतीच्या गाडीत दोघांना समोरासमोर जागा मिळाली. झूसीचा पूल गेला, दोन स्टेशनं गेली. ऋता रडली नव्हती.

"बाबा, तुम्ही खोटं बोललात ना?"

"हो. गुरुजींसाठी बोललो, बाळ. ते आता थकलेत गं. तू लहान आहेस, तुझ्यापुढे सगळं आयुष्य आहे. मी देवाला साक्षी ठेवून सांगतो, तो कागद मी वाचला नव्हता."

"ते माहीत आहे मला." ती जरा पुढे झुकली. गणित अडलं की झुकायची तशीच. "मला एवढंच सांगा. वाचला असता, तर सही केली नसतीत?"

'छे, छे, कशी केली असती!' हे शब्द त्याच्या तोंडाशी आले होते. ते बोलला असता तर पोरीजवळ थोडं तरी काही राहिलं असतं. पण त्याने एकदा तो प्रसंग डोळ्यांपुढे आणला. रत्नाकर उभा आहे, कागद उलगडलेला आहे, सतरा ओळी आपण वाचल्या आहेत, आणि खाली गुरुजींची सही आहे. आपण रत्नाकरला म्हणतो, 'नाही, मी करणार नाही.' त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न करून पाहिला. ते 'नाही' काही केल्या त्याला स्वतःच्या तोंडून ऐकू येईना.

आज एकदा तरी खरं बोलावं असं त्याला वाटलं.

"केली असती," तो म्हणाला.

ऋताने मान हलवली. उत्तर जुळलं की हलवायची तेवढीच.

"मग कोर्टात तुम्ही खोटं बोलला नाहीत, बाबा. उगाच मनाला लावून घेऊ नका."

तिने आईसारखं फाडफाड बोलावं, रडावं, निदान तोंड तरी फिरवावं, असं ढुंढिराजला फार वाटलं. पण तिने त्यातलं काहीच केलं नाही. शेजारच्या बाईने दिलेले शेंगदाणे ती बनारस येईपर्यंत सोलत बसली, आणि निम्मे त्याच्या हातावर ठेवले.