डाव्या कानाची खूण

महाराजांनी मला टाकले तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, आणि ती गोष्ट राजवाड्याच्या भिंतींबाहेर कळू दिली गेली नाही. लोकांना मी आवडत असे. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याची मुलगी राणी झाली याचे त्यांना कौतुक होते, आणि लोकांची लाडकी बायको उघडपणे टाकणे कोणत्याही राजाला झेपत नाही. म्हणून मला मागच्या अंगाला तीन खोल्या दिल्या. खिडक्या भटारखान्याच्या चौकात उघडत. दाराबाहेर पहारा. राणीसाहेबांची प्रकृती नाजूक आहे, असे बाहेर सांगण्यात आले. मला आयुष्यात धड सर्दीसुद्धा झालेली नाही.

वर्षातून एकदा मात्र माझी गरज पडे. राज्यारोहणाच्या दिवशी महाराज आणि राणी सज्जात पाव तास उभे राहत व खाली जमलेल्या लोकांना हात करीत. त्यासाठी मला नवा पोशाख शिवला जाई. महाराज हसत हसत, माझ्याकडे न पाहता म्हणत, "आता डावीकडे वळा." मी वळत असे, पण त्यांच्या सांगण्यावरून नव्हे. डावीकडे, कारंज्यापाशी माझे बाबा उभे असत, हातात मिटलेली काळी छत्री घेऊन.

लहानपणी त्यांच्या दुकानात कानशीचा आवाज इतका असे की बोललेले ऐकू येत नसे. ते कामातून मान वर करून माझ्याकडे पाहत, आणि मी डाव्या कानाची पाळी धरीत असे. सगळे ठीक आहे, एवढाच त्या खुणेचा अर्थ. सज्जातून मी तीच खूण करी. बाबा छत्री वर उचलत आणि घरी जात. सहा वर्षे आम्हा बापलेकींचे बोलणे एवढेच होते.

पत्रांवर बंदी येण्यापूर्वी त्यांचे एक पत्र आले होते. "ज्या वर्षी तुझी खूण दिसणार नाही, त्या वर्षी मी राजवाड्याच्या दारात येऊन बसेन. तुला पाहिल्याशिवाय उठणार नाही." रतीभर फरकासाठी गिऱ्हाइकाशी दिवसभर हुज्जत घालणारा तो माणूस. बोलला की करणार. आणि त्याच दारात गाऱ्हाणे घेऊन बसलेल्या एका विणकराचे शिपायांनी दोन्ही पाय मोडले होते, हे मला ठाऊक होते.

सातव्या वर्षी माप घ्यायला मास्तर आले. मास्तर म्हणजे शिवणघराचे प्रमुख. माझ्या लग्नाचा पोशाख त्यांनीच शिवला होता. इस्त्रीने त्याची झालर जळली, तेव्हा "दिव्यावर मीच धरली" असे सांगून मी त्यांना वाचवले होते.

सोबतीला माहेरून आलेली माझी मावशी खाटेवर बसून पाहत होती.

"फीत जरा सैल धरा, मास्तर," ती म्हणाली. "चार भिंतींत बसून माणूस वाढायचा तो रुंदीतच."

फितीवर कंबर चौतीस होती. मास्तरांनी वहीत अठ्ठावीस लिहिले. वजनकाटेवाल्याच्या मुलीला आकड्यात फसवणे सोपे नसते.

"मास्तर, चष्मा तरी बदला, नाहीतर खरं तरी बोला."

त्यांनी फीत गळ्यात टाकली आणि मान खाली घातली. "राणीसाहेब, यंदा पोशाख आपल्या नावानं शिवायचा आणि धाकट्या बाईसाहेबांना घालायचा, असा हुकूम आहे. टोपीला तोंडावरून जाळी, उंच टाचा. खालून कोण ओळखतंय, असं महाराजांचं म्हणणं."

धाकटी म्हणजे माझ्या जागी आणलेली.

"नवरा नेला, पलंग नेला, आता सावलीसुद्धा नेताय होय?" मावशी म्हणाली.

"नवरा खुशाल न्यावा," मी म्हटले. "तो पाव तास माझा आहे."

पण तसे म्हणून काय होणार होते? शिवणघरातल्या माणसांना राजवाड्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती आणि मावशीवरही माझ्याइतकाच पहारा होता, त्यामुळे निरोप धाडणे अशक्य. मी खिडकीशी गेले. चौकात मोठे पातेले घासत होते. मला सारखे त्या विणकराचे पाय दिसत होते.

"कॉलर किती उंच आहे, मास्तर?"

"कानाच्या खालपर्यंत. आत बकरमाचं ताठ कापड."

"डाव्या बाजूला, बकरमाच्या आत पिसाचा दांडा शिवा. टोक वर. मान सरळ असताना लागता कामा नये. डावीकडे वळली की कानाखाली टोचलं पाहिजे. आणि शेवटचं माप घालून पाहिल्यावर शिवा, आधी नाही."

"माझी नोकरी जाईल, राणीसाहेब. कदाचित मानही."

"ती झालर आठवते ना?"

मास्तरांनी वही मिटली. "आठवते," ते म्हणाले.

राज्यारोहणाच्या दिवशी मला फक्त गर्दीचा आवाज ऐकू आला. मी तिन्ही खोल्यांतून येरझारा घालीत होते.

"बस गं पोरी," मावशी म्हणाली. "फरशी झिजवून सुटका व्हायची असती, तर कधीच झाली असती."

दुपारी मास्तर आले. ऐनवेळी काही उसवले तर असावे म्हणून ते सुईदोरा घेऊन सज्जाच्या दाराआडच उभे होते. कारंज्यापाशी काळी छत्री घेऊन उभ्या असणाऱ्या बाबांवर नजर ठेवा, असे मी त्यांना सांगून ठेवले होते.

"पाच वेळा हात कानाशी गेला. धाकट्या बाईसाहेबांचा नुसता संताप संताप झालाय."

"कारंज्यापाशी काय झालं ते सांगा."

"छत्री वर गेली, राणीसाहेब. बराच वेळ वरच होती. मग ते गर्दीतून निघून गेले."

मी खुर्चीत बसले. कितीतरी दिवसांनी मला भूक लागल्याचे जाणवले. मास्तर मात्र जागचे हलेनात.

"महाराज खूश आहेत," ते म्हणाले. "कुणाला काही कळलं नाही, आता दरवर्षी असंच, म्हणाले. आपलं माप यापुढे लागणार नाही."

मग मावशी हळू आवाजात म्हणाली, "तुझ्यासाठी त्या दारात येऊन बसणारा जगात एकच माणूस होता, पोरी. त्याला तूच घरी पाठवलंस."

मास्तरांनी विचारले, "पुढच्या वर्षी हीच कॉलर वापरायची आहे. तो दांडा काढून टाकू का? आपण म्हणाल तसं."

दांडा काढला, तर बाबा दारात येऊन बसणार होते. कदाचित लोक जमले असते. कदाचित माझी कडी निघाली असती. बाबा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते, आणि त्यांचे गुडघे आधीच दुखत असत.

"राहू द्या," मी म्हटले. "दरवर्षी टोक नवं कापा. बोथट होऊ देऊ नका."

ते गेले आणि पहारेकऱ्याने बाहेरून कडी घातली.

पुढे अकरा वर्षे, त्या दिवशी दुपारी, मास्तर काहीतरी निमित्त काढून येत आणि एकच वाक्य बोलून जात: छत्री वर गेली. बाराव्या वर्षी ते आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि टोपी काढून हातात धरली. मी छत्रीच्या त्या वाक्याची वाट पाहिली; ते आलेच नाही.

"बरं," शेवटी मीच म्हटले. "आता ते पीस काढा, मास्तर. त्या बाईला उगाच कशाला टोचायचं."