दूर्वांच्या तुऱ्यावरून

मी हराळीचा परागकण बोलतोय. गणपतीत तुम्ही हराळीलाच दूर्वा म्हणता. सिडकोतल्या एका मोकळ्या प्लॉटवर, तुऱ्याच्या टोकाला माझा जन्म झाला. वाऱ्यानं दुसऱ्या तुऱ्यापर्यंत जायचं, एवढंच माझं काम. डोळ्यांना दिसत नसलो, तरी माणसाच्या छातीत उतरायला मी मोठाच. आमच्यातले बहुतेक जण नाकातच अडकतात आणि शिंकेसरशी बाहेर पडतात.

दूर्वा कोवळ्या, बिनतुऱ्याच्या निवडायच्या असतात. त्या दिवशी मात्र मधुसूदन आजोबांनी घाईघाईत मुठी भरून उपटल्या आणि घरी आणून पातेल्यात भिजत घातल्या. पाणी लागताच मी फुगलो आणि फुटलो. माझ्या पोटातले अगदी बारीक कण पाण्यात पसरले. आता तेच मी.

आजोबांची नात मृण्मयी जुड्या बांधायला बसली. तिला दमा. नाक सकाळपासून चोंदलेलं. ओली जुडी झटकायची, मग दोरा गुंडाळायचा. उडालेले तुषार पंख्याच्या वाऱ्यात वाळले आणि मी तिच्या तोंडासमोर तरंगू लागलो.

ती खोकली तेव्हा आजोबा म्हणाले, दही खाल्लं असशील. दूर्वांनी होतंय का, असं तिनं हळूच विचारलं.

"देवाच्या दूर्वा कधी कुणाला बाधल्यात का गं?" ते हसले. तिनं पुढची जुडी उचलली.

तिचा पंप नेहमी खिशात असायचा. आईनं तो काढून कपाटात ठेवला. "पाहुण्यांसमोर ओढत बसू नकोस. मुलीच्या नावाला चिकटतं ते."

आरती सुरू झाली. मृण्मयी तोंडानंच मोठमोठे श्वास घेऊन म्हणत होती. वाटेत नाकाची चाळणी नव्हती. घसा, श्वासनळी, मग झाडाच्या फांद्यांसारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या नळ्या. मी खोलवर पोहोचलो. माझं कुणाशी वैर नव्हतं, पण तिच्या शरीरानं मला शत्रू ठरवलं. नळ्या आवळल्या, आतून सुजल्या, चिकट कफ दाटला. आत गेलेली हवा बाहेर निघेना. छातीत शिट्टी वाजू लागली. टाळ्यांच्या गजरात ती कुणालाच ऐकू गेली नाही.

तिनं आईचा पदर ओढला.

"थांब, आरती होऊ दे."

आरती झाली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. आई कपाटाकडं धावली. पंप तोंडाला लावला, पण औषध आत ओढण्याएवढा श्वासच तिच्यात उरला नव्हता.

आता ती दवाखान्यात आहे, तोंडावर मास्क. धोका टळलेला नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी इथंच, कफात रुतलेला. माझ्यापासून आता बी होणार नाही.

पलंगाशी आजोबांनी डोळे मिटून हात जोडलेत. नवस बोललेत: नात बरी झाली की तिच्याच हातानं हजार दूर्वा वाहवीन.

आजोबा, तुरे आलेल्या दूर्वा तिच्यापासून लांब ठेवा. पंप तिच्या खिशातच राहू द्या. पण माझा आवाज तिच्या छातीतल्या शिट्टीएवढाच. ती तरी कुठं कुणी ऐकली होती?